पियानोची मुकी पट्टी

९ नोव्हेंबर, रविवार

दादा,

नमस्कार. वहिनी, तुम्हालाही, कारण हे पत्र त्याला तुम्हीच वाचून दाखवणार. फक्त मधेच थांबून "पुढे वाचू का?" असं विचारू नका. तो नको म्हणेल. तुम्ही सरळ वाचत जा, ऐकायचं की नाही ते त्याचे कान ठरवतील.

तुम्ही गाव सोडल्यापासूनच्या अकरा वर्षांत मी तुम्हाला दोनच पत्रं लिहिली. एक घर बदललं तेव्हा, दुसरं मुलीच्या लग्नाचं. लग्नाला वहिनी एकट्याच आल्या. दादाला गोदामातून सुट्टी मिळाली नाही, असं आपण सगळ्यांनी मान्य केलं. आज काहीच निमित्त नाही. काल एक वस्तू पाहिली आणि ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, एवढंच.

काल गिरणीत विजेच्या तारा बदलायच्या होत्या, म्हणून सगळे माग बंद. साहेबांनी बस ठरवली आणि आम्हाला शहरातलं वस्तुसंग्रहालय बघायला पाठवलं. ही म्हणाली, "जा, गिरणीचं छत सोडून दुसरं छत बघा जरा." माझ्या शेजारी आमचा कापड तपासनीस बसला होता. तो तू गिरणी सोडल्यावर लागला. त्याला सगळे रेडिओ म्हणतात. देवानं त्याला आवाज दिला, पण तो बंद करायचं बटण द्यायचं राहून गेलं.

संग्रहालय म्हणजे एक जुनी कचेरी. घड्याळांची खोली, वजनकाट्यांची खोली, शिवणयंत्रांची खोली. सगळ्यात मागच्या खोलीत भिंतीला टेकून एक काळा पियानो उभा होता. तिथल्या बाई साठीच्या असतील. चष्मा दोरीनं गळ्यात, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. त्या स्टुलावर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि पायांनी खालचे दोन पायटे दाबू लागल्या. दादा, पियानो वाजू लागला! पट्ट्या आपसूक खाली जात होत्या, वर येत होत्या. इकडे दोन, तिकडे पाच, मधेच पावसाची सर यावी तशा एकदम दहाबारा. आणि बाईंचे हात मांडीवर.

रेडिओ म्हणाला, "बाई, हात दुखतायत का?"

"मी वाजवतच नाही. मी नुसती हवा देते."

"आमचे साहेबही असेच. नुसते पाय हलवतात, काम आपोआप होतं."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी तोंड उघडं टाकून बघत होतो. मला आधी सकाळी वाचतो ती पोथीच आठवली. करणारा दिसत नाही, केलेलं दिसतं. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर तुझा भाऊ कसला? देव आहेच, पण दांडा कुठे बसवलाय तेही बघावं माणसानं. मी वाकून आत पाहिलं. पियानोच्या छातीत एक छोटी खिडकी होती, आणि खिडकीत एक कागद वरून खाली सरकत होता. रुंद, पिवळट, लांबच लांब. आणि त्या कागदाला भोकं होती.

वहिनी, इथे क्षणभर थांबलात तर चालेल.

आपलीच भोकं, दादा. मी चूक करत नाहीये. आपल्या मागाच्या कार्डांवर भोक असेल तिथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, कोरं असेल तिथे उचलला जात नाही. भोक म्हणजे हो, कोरं म्हणजे नाही. इथेही तेच. फक्त सुईच्या जागी हवा. पायट्यांनी भाता चालतो, पण लोहाराचा भाता हवा फुंकतो, हा ओढतो. कागदामागे पितळेची एक दांडी आहे, तिला ओळीनं छिद्रं, एकेका पट्टीसाठी एकेक. कागदातलं भोक छिद्रावर आलं की हवा आत शिरते आणि ती पट्टी खाली जाते. सूर लांबवायचा असेल तर भोकही लांबट. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी बसून एकेक भोक पाडलं असेल, आणि त्याच्या शेजारी बसून कुणीतरी त्याला नमुना वाचून दाखवला असेल, तू मला दाखवायचास तसा.

मी बाईंना इतके प्रश्न विचारले, की रेडिओ म्हणाला, "बाई, याला उत्तरं देऊ नका, हा मुक्कामाला राहील. याचा जन्म भोकं पाडण्यात गेलाय."

पण माझा शेवटचा प्रश्न ऐकून बाई पायटे थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं होतं, "ती पट्टी का हलत नाही?" मधल्या भागातली एक पट्टी. कागदावर तिच्या रेषेत भोकं येत होती, मी डोळ्यांनी पाहत होतो, पण ती ढिम्म.

"एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही," त्या म्हणाल्या. "ती बंद करून ठेवलीय. सुरावटीत एके ठिकाणी ती नको तेव्हा वाजायची. छान संथ चाललेलं असताना कुणी शिंकावं तशी. सूर जुळवणाऱ्याला तीनदा बोलावलं. त्यानं तिची हातोडी बदलली, तार बदलली, तरी शिंक येईच. शेवटी तिच्याखाली पाचर मारली. आता ती वाजतच नाही."

"मग जिथे ती हवी असते तिथे?"

"तिथेही नाही," बाई म्हणाल्या. "सवय झालीय आम्हाला."

बसमध्ये रेडिओ सतत बोलत होता. मी काय ऐकलं ते विचारू नकोस.

तुझा धाकटा

१६ नोव्हेंबर, रविवार

दादा,

तुझं उत्तर आलं नाही आणि मी वाटही पाहिली नव्हती. काल गिरणीतून लवकर निघालो आणि पुन्हा संग्रहालयात गेलो. हिला सांगितलं, पियानो बघायला जातो. ती म्हणाली, "बघून घ्या. या वयात दुसरं काही बघण्यापेक्षा बरं."

बाईंना मी म्हटलं, "मला तो कागद टेबलावर पसरून बघू द्याल का? हात धुऊन आलोय." त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले, शाळेतले गुरुजी पाहायचे तसे, आणि हो म्हणाल्या.

तो कागद हातात घेताना काय वाटलं ते तुलाच कळेल. आपली कार्डं माळेसारखी ओवलेली असतात, शेवटचं पहिल्याला जोडलेलं, म्हणून एक चूक झाली की ती दर फेऱ्याला परत येते, सगळ्या कापडभर येत राहते. हा कागद एकदाच पुढे जातो आणि मग उलटा गुंडाळून ठेवतात. चूक एकदाच होते. पण ऐकणारा तेवढीच लक्षात ठेवतो.

मी त्या पट्टीची रेषा धरली आणि बोटानं मागे मागे आलो. संथ भाग सापडला. तिथे एक भोक होतं, एकटंच, आजूबाजूच्या भोकांशी काही नातं नसलेलं. भोकाभोवती कागदाचा रंग वेगळा होता. एक चौकोन, नखाएवढा, तपकिरी. डिंकाचा डाग.

पाडणाऱ्याचा हात चुकला होता, दादा. त्यानं चुकीच्या भोकावर कागदाचं ठिगळ लावून ते बुजवलं होतं. बरीच वर्षं ते टिकलं असेल. मग डिंक सुकला, ठिगळ गळून पडलं आणि भोक उघडं पडलं. पट्टी बिचारी सांगितलं तेव्हा वाजत होती. तिच्यात काहीच दोष नव्हता.

बाईंनी पाचर काढली. खाली बसून, चष्मा सावरत, चिमट्यानं. जाड लोकरी कापडाचा एवढासा तुकडा निघाला. मग त्यांनी कागद चढवला आणि पायटे दाबले. मी खिडकीशी डोळा लावून बसलो. ती पट्टी पहिल्यांदा खाली गेली तेव्हा सगळी सुरावट भरून आल्यासारखी झाली, पडलेल्या दाताच्या जागी दात यावा तशी. तपकिरी चौकोन आला तेव्हा शिंकही आली. एकच. बाई खळखळून हसल्या.

"जुळवणाऱ्यानं पैजेवर सांगितलं होतं, पट्टीच खराब आहे म्हणून. तुम्ही नुसता डाग बघून कसं ओळखलंत?"

मी म्हटलं, "आमच्या कामात बघावं लागतं."

त्या म्हणाल्या, "मग परत ठिगळ लावून देता?"

ते मात्र मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन, कारण त्या दचकल्या. मी म्हटलं, "ठिगळ लावायचं नाही. कागद नवा करायचा. पण त्याला दोन माणसं लागतात. एक पाडणारा, एक वाचणारा."

"पाडणारे तुम्ही. वाचणारा कुठून आणायचा?"

मी त्यांना म्हटलं, बघतो.

धाकटा

२३ नोव्हेंबर, रविवार

वहिनी,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. अकरा वर्षांत तुमचं अक्षर बदललेलं नाही. आजचं पत्र फक्त तुम्हाला आहे, त्याला वाचून दाखवू नका.

तुम्ही लिहिता, दोन्ही पत्रं वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "ती पट्टी डावीकडून कितवी?" मी हे हिला चारदा वाचून दाखवलं. ही म्हणाली, "एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात?" त्याला सांगा, एकावन्नावी. मी मोजलीय.

पण तुमच्या पोस्टकार्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात जे लिहिलंय, ते मी हिला दाखवलं नाही. तो गोदामात पोत्यांवरचे आकडेसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतो. तुम्ही त्याला बळंच चष्म्याच्या दुकानात नेलंत. तपासणारा म्हणाला, डोळे तरण्या माणसासारखे आहेत, चष्मा लागतच नाही. आणि तो म्हणाला, "त्याला काय कळतंय? माझ्या डोळ्यांनी काय केलं ते मला माहीत आहे."

वहिनी, हे वाचल्यापासून पोथी उघडली तरी ओळ पुढे सरकत नाही. गुरुजी म्हणायचे, न कळलेलं विचारायला लाजू नये आणि कळलेलं सांगायला घाई करू नये. त्यातलं दुसरं मी फार काटेकोर पाळलं.

पुढचं पत्र जाड पाकिटातून येईल. ते फोडू नका. त्याच्या हातात द्या आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसा. तो हाक मारेल, "वाच" म्हणेल. जाऊ नका. माझ्यासाठी एवढं करा.

तुमचा भाऊजी

३० नोव्हेंबर, रविवार

दादा,

हे तूच वाच. वहिनी येणार नाहीत. अक्षर मोठं काढलंय, पण तुला त्याची गरज नाही, हेच तर सांगायचं आहे.

नाट्यगृहाच्या पडद्याचं कापड आठव. वेलीवर बसलेला पक्षी. सहाशे चाळीस कार्डं. तू चौकटीच्या कागदावरून वाचत होतास, मी पाडत होतो. तुझी पद्धत सगळ्या गिरणीत माहीत होती. चुकलेलं कार्ड फाडायचं, ठिगळ लावायचं नाही. मी चुकलो की तू रागवायचा नाहीस. कार्ड माझ्या हातून घ्यायचास, उभं फाडायचास, कोऱ्या कार्डावर तोच आकडा लिहून माझ्यापुढे सरकवायचास आणि पुन्हा वाचायला लागायचास. सगळं झालं की तू तपासून शेवटच्या कार्डावर सही करायचास. वाचणाऱ्याची सही, म्हणजे जबाबदारी वाचणाऱ्याची.

त्या दिवशी सकाळपासून माझी तीन कार्डं फाडली गेली होती. तिसऱ्याला तू म्हणालास, "आज हात घरी विसरून आलास की काय?" सगळे हसले. तूही हसलास. त्यात काही विष नव्हतं, मला तेव्हाही माहीत होतं. पण दोनशे बाराव्या कार्डावर हात पुन्हा घसरला, तेव्हा मला ते हसू परत नको होतं. तू पाणी प्यायला उठला होतास. मी एका भोकावर कागदाचा तुकडा चिकटवला, अंगठ्यानं दाबला, आणि कार्ड गठ्ठ्यात सरकवलं. तू तपासलंस तेव्हा बुजलेलं भोक कोरंच दिसलं. दिसणारच. तुझे डोळे बरोबर होते. त्यांना दाखवलं ते खोटं होतं.

घाई होती म्हणून नमुना न काढताच माग सुरू झाला. कापड उतरलं आणि प्रत्येक पक्ष्याच्या गळ्यावर पांढरा ठिपका. चारशे मीटर. साहेबांनी आपल्या दोघांना समोर उभं केलं. तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. मला विचारलंस, "खरं सांग, मी बोललो तेच पाडलंस ना?"

मी म्हटलं, "तू बोललास तेच."

साहेब म्हणाले, चूक माणसाकडून होते. तू म्हणालास, वाचणाऱ्याकडून होत नाही. आठ दिवसांनी तुम्ही गाव सोडलंत.

कार्ड बदलायला मलाच पाठवलं होतं. जुनं मी खिशात घातलं. आणखी एक सांगतो, म्हणजे काही शिल्लक राहणार नाही. गुंडाळीच्या अगदी पोटातलं कापड, सगळ्यात आधी विणलेलं, कुणी उलगडून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं, तू अजून गावात असताना. पहिल्या बारा पक्ष्यांच्या गळ्यावर ठिपका नाही. बारा फेरे ठिगळ टिकलं होतं. तू चुकीचं वाचलं असतंस तर पहिल्या पक्ष्यापासून ठिपका आला असता. तेवढं कापड कापून तुझ्या दारात आणलं असतं तर पुरलं असतं. मी ते परत गुंडाळलं. तुझी वाचणाऱ्याची जागा मला मिळाली होती म्हणून नव्हे. ती मी मागितली नव्हती आणि माझं यंत्र सोडून तिथे कधी बसलोही नाही. एकदा खोटं बोललो होतो आणि तुझ्यासमोर लहान व्हायची भीती वाटली, इतकंच. इतक्याशा भीतीनं इतकं होतं, हे मला माहीत नव्हतं.

सोबत दोनशे बारा नंबरचं कार्ड आहे. तीन घड्या घालून ते अकरा वर्षं माझ्या पोथीत खूण म्हणून होतं. रोज सकाळी ते बाजूला काढायचं, वाचायचं, आणि परत ठेवायचं. देवाला दाखवत होतो, असं मी स्वतःला सांगायचो. त्याला काय दाखवायचं? ज्याला दाखवायचं तो बसनं पाच तासांवर राहत होता. डिंकाचा चौकोन बोटाला लागेल. नीट बघ. तुला दिसेल.

माफी मागायची माझी पात्रता किती ते तू ठरव. पियानोबद्दल मात्र विचारतो, कारण त्या बाई वाट बघतायत. तो कागद नवा करायचाय. तुझ्यासारखं वाचणारं मला दुसरं कुणी माहीत नाही.

धाकटा

२१ डिसेंबर, रविवार

दादा,

तीन आठवडे टपालवाल्यानं मला टाळलं, की मी त्याला, कोण जाणे. काल त्यानं तुझं पाकीट दिलं. वर पत्ता तुझ्या अक्षरात. पोथीत आता खूण नाही, त्यामुळे कुठवर आलो होतो ते रोज शोधावं लागतं. ते शोधतच बसलो होतो. ही म्हणाली, "आधी ते फोडा, देव थांबेल."

आत चिठ्ठी नव्हती. उलटं करून झटकलं, हिनंही झटकलं. कार्ड होतं. उभं फाडलेलं, दोन तुकडे.

ही रडायला लागली. म्हणाली, "संपलं सगळं." मी म्हटलं, "थांब," कारण पाकिटाला अजून वजन होतं. आत बोट घातलं तर तळाशी आणखी एक पुठ्ठा चिकटून बसला होता. बुटाच्या खोक्याचा, एका बाजूला कंपनीच्या नावाचं अर्धं अक्षर. पण माप अगदी मागाच्या कार्डाचं, कडा सरळ. तू मोजलं नसणार, नुसत्या नजरेनं कापलं असणार. कोऱ्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, तुझ्या हातचा आकडा: २१२.

हिला काही कळेना. मी तिला सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. ऐकून ती म्हणाली, "अकरा वर्षं माझ्यापासूनही लपवलंत? जेवण गार झालंय, गारच जेवा." जेवलो. चव होती.

आज गिरणीला सुट्टी, पण रखवालदाराकडून किल्ली घेतली. सगळे माग गप्प होते. माझ्या पाडायच्या यंत्राशेजारी तुझं स्टूल अजून तिथेच आहे, त्यावर रेडिओ डबा ठेवतो. तो डबा उचलून खाली ठेवला. जुन्या कार्डाचे दोन तुकडे शेजारी शेजारी जुळवले, आणि तुझ्या पुठ्ठ्यावर एकेक भोक पाडत गेलो. बुटाचा पुठ्ठा जाड असतो, अंगठा दुखला. डिंकाचा चौकोन आला तेव्हा तिथे काही केलं नाही. कोरं सोडलं आणि पुढे गेलो.

झाल्यावर सवयीनं ते स्टुलाच्या दिशेनं पुढे केलं, वाचणाऱ्यानं बघावं म्हणून. मग पाकिटात घातलं.

सोबत पाठवतो आहे. तपासून घे, आणि बरोबर असेल तर सही कर. सही घेऊन तू स्वतः आलास तर बाईंना सांगतो, कागद पसरून ठेवा म्हणून.

धाकटा